सोळाव्या लेण्यातली ती बाई मरत नाही



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात माझाही लेख हवा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. दरवेळी मी चळवळीच्या इतिहासावर लिहितो. यावेळी एका चित्रावर लिहिणार आहे. चित्राचे आणि आपले काय, असे कोणी म्हणेल. मीही पूर्वी तेच म्हणायचो. परंतु आपल्या पूर्वजांनी लिहून ठेवलेले पुष्कळ जळाले, पुष्कळ बुडवले गेले. भिंतीवर जे राहिले ते तरी आपण नीट वाचले पाहिजे.

आपल्या विहाराच्या वाचनालयात अजिंठ्याच्या चित्रांचे एक मोठे जुने पुस्तक आहे. त्यात सोळाव्या लेण्यातल्या एका चित्राखाली छापले आहे, 'मरणासन्न राजकन्या'. कॅलेंडरवर, पोस्टकार्डावर, शाळेच्या पुस्तकात हे चित्र याच नावाने येते. आज अभ्यासक सांगतात की ती बाई मरत नाही. मग शंभर-सव्वाशे वर्षे आपण तिला मरणाच्या दारात का बसवून ठेवले? आणि ती मरत नसेल तर तिला झाले आहे तरी काय? या दोन प्रश्नांवर हा लेख आहे.

आधी जागेविषयी थोडे. अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर कोरलेली आहेत. जिल्हा पूर्वीचा औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर. एकूण तीसेक लेणी. नववे आणि दहावे हे चैत्य सर्वांत जुने, सातवाहनांच्या काळचे. त्यानंतर बरीच शतके काम थांबले आणि इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात, पुन्हा जोरात सुरू झाले. सोळावे लेणे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने भिक्षुसंघाला दान दिले. त्याचा शिलालेख ओसरीच्या बाहेर डाव्या भिंतीवर आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ आहे, वराहदेवाचा बाप हस्तिभोज याचे नाव आहे. ज्यांनी डोंगर फोडला आणि ज्यांनी भिंती रंगवल्या त्यांपैकी एकाचेही नाव नाही. आपल्याला याचे नवल वाटायला नको. गिरणीच्या कोनशिलेवर तरी कुठल्या कामगाराचे नाव असायचे?

खालून पायऱ्या चढून जाताना दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, पुढे नागराजाची बसलेली मूर्ती. नागराजाला बघून आमची मंडळी तिथेच हात जोडून थांबतात. आत वीस खांबांचे दालन, कडेने भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या, समोर गाभाऱ्यात पाय खाली सोडून बसलेली बुद्धांची भव्य मूर्ती. आत अंधार असतो. पूर्वी वाटाडे दाराशी पत्रे धरून उन्हाची तिरीप आत फेकायचे आणि तेवढ्यापुरते चित्र उजळायचे. आता मंद दिवे लावले आहेत. दालनाच्या डाव्या भिंतीवर हे चित्र आहे. बरेच खराब झाले आहे, पोपडे गेले आहेत, रंग काळवंडले आहेत.

रंगवायची रीत साधी, पण मेहनतीची. ओबडधोबड दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि गवत-झाडपाल्याचे धागे, म्हणजे माती धरून राहते. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर डिंक-खळीत कालवलेले रंग. पिवळी आणि तांबडी काव, हिरवी माती, काजळी, चुना. निळ्याचा दगड तेवढा लांबून, अफगाणिस्तानाकडून यायचा. बाकी सगळा रंग पायाखालच्या मातीचाच.

आता चित्र. मी ते सांगतो तसे डोळ्यांपुढे आणा. खांबांचा मंडप आहे. पलंगावर एक बाई टेकून बसली आहे, बसली म्हणण्यापेक्षा कलली आहे. मान एका बाजूला गळाली आहे. डोळे अर्धे मिटलेले. डावा हात उशीवर टाकलेला, त्या हातात जीव नाही. तिच्या मागे एक दासी तिला आधार देऊन आहे, दासीने हात काढला तर ही खाली घसरेल. दुसरी एकजण तिचा हात धरून, नाडी बघितल्यासारखी, तिच्या तोंडाकडे टक लावून बघते आहे. तिसरी पंख्याने वारा घालते. पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा दारातून आत डोकावतो, आणखी एकजण खांबाआड. खाली जमिनीवर बायका बसल्या आहेत, त्यातल्या एकीने तोंड हातांत लपवले आहे. आणि एका बाजूला एक पुरुष मान खाली घालून उभा आहे. त्याच्या हातात मुकुट आहे.

या मुकुटाकडे आपल्याला परत यायचे आहे.

मरणाचे नाव कसे पडले तेही सांगितले पाहिजे. १८१९ साली एप्रिलच्या २८ तारखेला मद्रास फलटणीतला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इथे आला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव खरडून गेला. पुस्तकात त्याला 'शोध' म्हणतात. वाघोराकाठच्या माणसांना लेणी ठाऊक होतीच. असो. पुढे १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे तिथे राहून नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या, १८६६ च्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले. १८७२ ते १८८५ हे काम चालले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले नामवंत. म्हणजे मुंबईची पोरे लेण्याच्या अंधारात बसून रेघ न् रेघ उतरवत होती. त्यांच्याही पुष्कळ नकला १८८५ साली लंडनला आगीत गेल्या. तरी १८९६-९७ साली ग्रिफिथ्स यांचे दोन खंडांचे पुस्तक निघाले आणि अजिंठा जगाला माहीत झाला.

याच ग्रिफिथ्स साहेबांनी या चित्राला मरणाऱ्या राजकन्येचे चित्र म्हटले. नुसते म्हटले नाही, तोंड भरून कौतुक केले. भाव दाखवण्याच्या बाबतीत इटलीच्या नामांकित चित्रकारांनाही याच्यापुढे जाता येणार नाही, अशा अर्थाचे ते लिहून गेले. ज्या काळी हिंदुस्थानात कलाच नाही असे साहेब लोक बोलत, त्या काळी हे लिहायला मोठे मन लागते. त्यांनी चित्र बघितले अगदी बारकाईने. दासीचा चिंतेने भरलेला चेहरा, खाली बसून रडणारी बाई, सगळे त्यांच्या नजरेत आले. पण गोष्ट माहीत नसल्यामुळे भाव कळला आणि अर्थ हुकला. गळालेली मान, मिटले डोळे, रडणारी माणसे, म्हणजे मरण, असा त्यांनी हिशेब केला. त्यांना दोष देता येत नाही. ज्या संस्कृत काव्यात ही गोष्ट विस्ताराने आहे ते अश्वघोषाचे 'सौन्दरनन्द' तेव्हा छापलेलेच नव्हते. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितांवरून पंडित हरप्रसाद शास्त्री यांनी ते १९१० साली छापले.

ती गोष्ट अशी. महाप्रजापती गौतमीचा मुलगा नंद, म्हणजे भगवान बुद्धांचा सावत्र भाऊ. त्याची बायको सुंदरी, पाली ग्रंथांत तिला जनपदकल्याणी म्हणतात. पाली अट्ठकथेत त्या दिवशी त्यांचे लग्न व्हायचे होते, अश्वघोषाच्या काव्यात ती नवराबायको आहेत आणि एकमेकांत बुडालेली आहेत. भगवान कपिलवस्तूला आले. भिक्षापात्र नंदाच्या हाती दिले आणि चालू लागले. नंद पात्र घेऊन मागोमाग निघाला. थोरल्या भावाला, त्यात बुद्धांना, पात्र परत घ्या असे म्हणायचे धाडस त्याला होईना. सुंदरीने निघताना सांगितले होते, माझ्या गालावरची ओली नक्षी वाळायच्या आत परत ये. तो विहारात पोचला. तिथे भगवंतांनी प्रव्रज्येचे विचारले. मनात नसताना त्याने मान डोलावली आणि त्याचे डोके भादरले गेले.

पुढचे सगळ्यांना ठाऊक असेल. नंदाचे मन विहारात लागेना. भगवंतांनी त्याला जळक्या अंगाची माकडीण दाखवली, मग स्वर्गातल्या अप्सरा दाखवल्या. ब्रह्मचर्य पाळलेस तर या मिळतील याचा मी जामीन, असे सांगितले. नंद अप्सरांसाठी साधना करू लागला. तेव्हा बाकीचे भिक्षू त्याला काय म्हणून चिडवू लागले ते उदान या ग्रंथात आहे. ते त्याला 'भतक' म्हणाले. भतक म्हणजे मजुरीवर राबणारा. आम्ही मजुरीवरच राबणारे, म्हणून मला हा शब्द वाचताना पहिल्यांदा टोचला. नंतर समजले की मजुरीला कमीपणा नाही, धम्म मजुरीवर करण्याला आहे. नंदाला लाज वाटली, त्याने जिद्दीने साधना केली आणि तो अर्हत झाला.

ही झाली नंदाची गोष्ट. चित्रकाराने नंदाची गोष्टही त्या भिंतीवर काढली आहे, मुंडन आहे, स्वर्गाची वारी आहे. पण आजपर्यंत जगाच्या लक्षात राहिले ते नंदाचे चित्र नाही. ज्या घरातून नंद गेला त्या घराचे चित्र लक्षात राहिले.

मुकुट हातात घेऊन उभ्या असलेल्या त्या माणसाने निरोप आणला आहे. त्याने तोंड उघडले असेल की नाही कोण जाणे, उघडायची गरजही नव्हती. डोक्यावरचा मुकुट रिकामा परत आला म्हणजे डोके भादरले गेले. सुंदरीने मुकुट बघितला आणि ती कोसळली. तिचा प्राण चालला नाही. तिला कळले आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगतो आहे, पण मला ते आधी पुस्तकाने सांगितले नाही. सांगतो कसे ते. काही वर्षांपूर्वी हे मोठे पुस्तक मी दोन दिवसांसाठी घरी नेले होते. माझी आई तेव्हा होती. तिला अक्षर येत नव्हते. चहा पिता पिता तिने चित्र बघितले आणि विचारले, हिला काय झालंय? मी म्हटले, मरायला टेकलीय, खाली लिहिलंय तसं. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मरत न्हाई ती. मेल्यालं माणूस असं दिसतं व्हय? हिचा दादला गेलाय घर सोडून. त्या बाप्याच्या हातात काय हाय ते बघ की आधी."

मी हसलो. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या एका पुस्तकात नंदाची हकीकत आणि या चित्राचा खरा अर्थ माझ्या वाचनात आला. मी आईला जाऊन सांगितले. तिला त्याचे काहीच वाटले नाही. ती म्हणाली, मग मी काय सांगत हुते?

आईला कसे कळले याचा मी खूप विचार केला. अजिंठ्याची चित्रे फोटोसारखी नाहीत, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. डोळे लांबट कमळाच्या पाकळीसारखे, कंबर वाकवलेली, बोटे कुठल्याही माणसाची नसतात इतकी निमुळती. चेहरे पुष्कळदा एकाच साच्यातले. म्हणून नुसत्या चेहऱ्यावरून भाव ओळखायला गेलो तर फसतो. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बोधिसत्त्व आठवा. त्याचेही डोळे असेच खाली झुकलेले, मानही कललेली. पण त्याला बघून कोणी म्हणत नाही की हा मरतो आहे. तो अवघ्या जगाचे दुःख बघतो आहे आणि स्वतः स्थिर आहे. त्याच्या हातात कमळ आहे आणि त्या हातात जीव आहे, बोटे देठ किती अलगद धरतात ते पाहा. सुंदरीचा हात काहीच धरत नाही. डोळे दोघांचे झुकलेले, फरक हातात आहे. आणि दुसरा फरक भोवतालच्या माणसांत आहे. पद्मपाणीच्या भोवतीची मंडळी आपापल्या जागी शांत आहेत. सुंदरीच्या भोवतीचे प्रत्येक माणूस तिच्याकडे ओढले गेले आहे.

मी गिरणीत बदली म्हणून लागलो तो त्रासन खात्यात. आमच्या माणसांना एके काळी साचाखात्यात घेतच नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या तोंडाचा विटाळ सवर्ण विणकरांना चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला होता. पुढे तो निर्बंध गेला तरी बापाच्या मागे पोरगा त्याच खात्यात, असे चालत राहिले. सूत तुटू नये म्हणून खात्यात दमट हवा ठेवायची. उन्हाळ्यात माणूस चक्कर येऊन पडायचा. तेव्हा भोवती जो घोळका व्हायचा तो मी कैकदा बघितला आहे. एक मागून धरतो, एक पुठ्ठ्याने वारा घालतो, एक मनगट दाबून बघतो, आणि ज्याला जवळ यायचा धीर नाही तो दारातून डोकावतो. या चित्रात तेच आहे, तसेच्या तसे. ज्याने ते काढले त्याने राजवाडा आतून बघितला असेल की नाही मला ठाऊक नाही, पण पडलेल्या माणसाभोवती माणसे कशी जमतात हे त्याने नक्की बघितले होते.

आणि इथे मला या चित्राचा सामाजिक अर्थ दिसतो. राणीच्या पलंगाशी दासी आहेत, म्हातारे नोकर आहेत. राजवाड्याच्या चित्रात नोकर असणारच, शोभेसाठी उभे. पण इथे एकही शोभेला नाही. प्रत्येकाला स्वतःचे दुःख दिले आहे. जी आधार देते तिची काळजी निराळी, जी टक लावून बघते तिची भीती निराळी, खाली बसून जी रडते ती तर राणीकडे बघतसुद्धा नाही. ती कोणासाठी रडते? राणीसाठी, की आपल्यालाही असे कोणी सोडून गेले होते म्हणून? मुकुट आणणाऱ्या नोकराची मान बघा. गुन्हा त्याने केला नाही, पण लाज त्याला वाटते आहे. मालकाचा निरोप नेणाऱ्याच्या वाट्याला हेच येते.

आमच्यातले काही अभ्यासू तरुण चित्रातल्या सावळ्या-गोऱ्या रंगांवरून कोण दास, कोण उच्चवर्णीय असा हिशेब मांडतात. तो मला पटत नाही. अजिंठ्यात सावळे राजेही आहेत आणि गोऱ्या दासीही. आपला मुद्दा खरा असला तरी चुकीच्या पुराव्यावर उभा करू नये.

आता खरा प्रश्न. हे चित्र राजवाड्यात नाही, विहारात आहे. या दालनाच्या कडेच्या खोल्यांत भिक्षू राहात होते. पावसाळ्याचे वर्षावासाचे महिने ते इथे काढायचे. त्यातला प्रत्येकजण कुठले ना कुठले घर सोडून आलेला. सकाळी खोलीतून बाहेर पडला की भिंतीवर ही बाई. संघाने ही भिंत तशी का रंगवून घेतली? घर सोडून आलेल्या माणसाला मागे राहिलेलीचे दुःख रोज का दाखवायचे?

हा प्रश्न मी आपल्या विहारातल्या एका रविवारच्या बैठकीत मांडला होता तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला चांगलेच झापले. म्हणाले, असली चित्रे पुढे आणू नका, धम्म घरे मोडतो असे म्हणायला विरोधकांना आयते कोलीत मिळते. त्यांची भीती खोटी नाही. हा आरोप बुद्धांच्या हयातीतही झाला होता, मगधातल्या लोकांनी केला होता, विनयपिटकात त्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या ग्रंथांनीच तो लपवला नाही. मग आपण का लपवावा? अश्वघोषाच्या काव्यात एक भिक्षू नंदाला समजावताना स्त्रियांची भरपूर निंदा करतो, त्यावर एक सर्गच आहे. चित्रकाराला तीही वाट मोकळी होती. सुंदरीला मोहात पाडणारी, वाटेत आडवी येणारी बाई म्हणून तो रंगवू शकला असता. त्याने तसे केले नाही. त्याने तिला दुखावलेले माणूस म्हणून रंगवले. नंदाचे कल्याण झाले हे खरे, आणि त्या दिवशी घरात एक माणूस कोसळले हेही खरे. दोन्ही खरे एकाच भिंतीवर ठेवण्याची हिंमत त्या संघात होती.

बाबासाहेबांनी हा प्रश्न किती खोल ओळखला होता हे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचताना कळते. हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. सिद्धार्थ मध्यरात्री झोपलेल्या बायकोमुलाला सोडून गुपचूप निघून गेला, ही आपण लहानपणापासून ऐकलेली कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलियांच्या पाण्याच्या भांडणातून सिद्धार्थावर गृहत्यागाची वेळ येते, आणि निघण्यापूर्वी तो आईबापांशी बोलतो, यशोधरेशी बोलतो. ती मन आवरून त्याच्या निर्णयाला साथ देते, राहुलला सांभाळायचे नसते तर मीही आले असते, अशा अर्थाचे बोलते. पुष्कळजण या बदलाकडे केवळ कारणापुरते बघतात, म्हातारा-रोगी-प्रेत यांऐवजी पाण्याचा तंटा आला एवढेच. मला तर यशोधरेशी झालेले बोलणे तितकेच मोठे वाटते. घर सोडण्यात वाईट नाही. न सांगता सोडण्यात आहे. सुंदरीला कोणी विचारले नाही, तिला मुकुट पाठवला. यशोधरेला बाबासाहेबांनी तोंड दिले.

रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. १९४० साली पाकिस्तानवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला, आपल्या बरोबरीने हाल सोसल्याबद्दल कृतज्ञता लिहून. राजकारणावरच्या जाडजूड इंग्रजी ग्रंथाच्या पहिल्या पानावर रामूचे नाव आहे. ज्याने ते लिहिले त्याला मागे राहणाऱ्याचा हिशेब ठाऊक होता.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून आईचे बोलणे तुम्हाला समजणार नाही. १९८२ च्या जानेवारीत १८ तारखेला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर होते. वडील संपाच्या कामात बुडाले होते. मी शाळेत होतो. एके दिवशी ते सकाळी नेहमीसारखे डबा घेऊन सभेला म्हणून गेले ते जेलभरोत गेले. घरी कोणाला सांगितले नव्हते. संध्याकाळी शेजारच्या चाळीतला एक कामगार आला. तो दारातच उभा राहिला, आत येईना. त्याच्या हातात वडिलांचा डबा होता. आईने डबा बघितला आणि चुलीपाशी खाली बसली. शेजारणी धावल्या, कोणी पाणी आणले, कोणी पदराने वारा घातला. तो कामगार मान खाली घालून उभाच होता.

वडील काही दिवसांनी सुटून आले. चाळीत हार घातले, घोषणा झाल्या. त्या दिवसांत घर कसे चालले हे कोणी आईला विचारले नाही, आम्ही पोरांनीही नाही. तिने घरात चार जणांची खानावळ घातली होती. वडिलांवर माझा राग नाही. ते गेले नसते तर मला ते वडील म्हणून आवडले नसते. पण आईला सांगून गेले असते तर त्यांचे काय कमी झाले असते?

धम्मपदाच्या अट्ठकथेत जनपदकल्याणीची पुढची गोष्ट येते. भाऊ बुद्ध झाला, राहुल गेला, नवरा गेला, आईही प्रव्रजित झाली, आता मी घरी राहून काय करू, असे म्हणून ती भिक्षुणी संघात दाखल झाली आणि पुढे तिलाही ज्ञान झाले. म्हणजे ती त्या पलंगावरून उठली. तिची ही पुढची गोष्ट चित्राखालच्या त्या नावात कुठेच दिसत नाही. आपल्या वाचनालयातल्या पुस्तकात मी 'मरणासन्न राजकन्या'च्या खाली पेन्सिलीने 'नंदाचा मुकुट पाहून कोसळलेली सुंदरी' असे लिहून ठेवले आहे. पुस्तकात लिहू नये हा नियम मीच केला होता, तो मीच मोडला, त्याबद्दल ग्रंथपालांनी मला माफ करावे.

जाता जाता संपादक मंडळाला एक विनंती. या स्मरणिकेत विहार बांधणाऱ्या संस्थापकांचे फोटो आणि नावे आहेत, ती सगळी पुरुषांची आहेत. ते सगळे मला वंदनीय आहेत. परंतु पायाभरणीच्या वेळी रेती आणि पाणी वाहणाऱ्या, दर महिन्याला डब्यातून वर्गणी बाजूला काढणाऱ्या, रात्रीच्या बैठकांना घरून चहा पाठवणाऱ्या बायका होत्या. मी चौकशी केली तेव्हा त्यांची आठवण 'अमक्याची आई', 'तमक्याची मालकीण' एवढीच निघाली. आतापर्यंत अकरा जणींची खरी नावे मिळाली आहेत. माझ्या आईचे मी बाराव्या नंबरला लिहिले आहे. बाकीच्यांची ज्यांना आठवत असतील त्यांनी लिहून ठेवावीत. त्यासाठी वही वाचनालयाच्या कपाटात खालच्या खणात ठेवली आहे, अजिंठ्याच्या पुस्तकाशेजारी.